एकशे चोपन्न खोटे रविवार

वॉरंटी रविवारी संपली आणि लॅपटॉप मंगळवारी. मधला सोमवार त्याने बहुधा आवराआवरीसाठी घेतला असावा.

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी जेवणाच्या टेबलावरून आजोबांची हाक आली, "भाषणबाई, इकडे ये गं जरा. याची सुई पट्टीवर आपटतेय!"

भाषणबाई म्हणजे त्यांची पंधरा वर्षांची नात. महिन्यापूर्वी तिला शाळांच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं, आणि तेव्हापासून ती जेवताना मीठ मागायची तरी आधी मिठाचं जीवनातलं स्थान सांगायची. आजोबांनी नाव ठेवलं आणि ते चिकटलं. सध्या परीक्षा संपून शाळेला सुट्टी होती, त्यामुळे श्रोते म्हणून घरातली दोनच माणसं उरली होती, आजोबा आणि आई.

ती धावत आली. लॅपटॉपचा पडदा काळाठिक्कर, वर पांढऱ्या अक्षरांत एवढंच की ड्राइव्ह सापडत नाही. आणि आतून आवाज, शिवणयंत्राची सुई पट्टीवर आपटावी तसा, टक्... टक्... टक्.

दहा ते बारा ही त्या घरात 'पुस्तकाची वेळ' होती. आजोबांनी बेचाळीस वर्षं शिंप्याचं दुकान चालवलं. सुईत दोरा ओवताना डोळे दगा द्यायला लागले तेव्हा दुकान बंद केलं आणि जाहीर केलं, "आता मी पुस्तक लिहिणार. ज्यांची मापं घेतली त्या माणसांचं." त्यासाठीच हा लॅपटॉप आला. तीन वर्षं रोज दोन तास, दोन बोटांनी, टकटक टकटक. तेवढा वेळ स्वयंपाकघरात मिक्सर लागायचा नाही, टीव्ही मुका असायचा, माणसं चवड्यांवर चालायची. त्यातली एक ओळही कुणी वाचली नव्हती. विचारलं की आजोबा म्हणायचे, "कच्च्या टाक्यांचा कोट गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत."

आई फाइल घेऊन आली. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती, त्यामुळे तिच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या, मुदतीतल्या आणि मुदतीबाहेरच्या. घरातल्या प्रत्येक वस्तूचं वॉरंटी कार्ड त्या फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावलेलं होतं. तिने पान उलटलं, बोट ठेवलं आणि म्हणाली, "रविवारी संपली."

"दोन दिवस! आई, फक्त दोन दिवसांसाठी? हा अन्याय आहे!"

"अन्याय कसला? परवा मुदत संपलेली गोळी मागायला कुणी आलं तर मी देईन का?"

"पण ती गोळी परवा संपली म्हणून आज विष होते का?"

"कागदावर होते."

अशा आईच्या हातात कंपनीचा फोन देण्यात अर्थ नव्हता. भाषणबाईने तो स्वतः लावला. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे वाक्य सव्वीस वेळा ऐकल्यावर एक बाई बोलायला आली, आणि भाषणबाई सुटली. ग्राहकाचा विश्वास, यंत्राचा धर्म, एका वृद्ध लेखकाची तपश्चर्या. पलीकडच्या बाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, हा आवाज कधीपासून येतोय?"

तिने फोनवर हात ठेवला. "आजोबा, आवाज कधीपासून येतोय?"

आजोबा पंख्याकडे बघत होते. "झाले असतील बारा-पंधरा दिवस."

"पंधरा दिवस!" भाषणबाई फोनवर कडाडली. "पंधरा दिवस हा लॅपटॉप कण्हत होता!"

"म्हणजे वॉरंटीत असल्यापासूनच, मॅडम?"

"अगदी वॉरंटीत!" तिने विजयी मुद्रेने आईकडे पाहिलं.

"मग तेव्हाच का नाही कळवलंत?"

 तिने फोन हळूच ठेवून दिला.

"बाबा," आई म्हणाली, "पंधरा दिवस आवाज येत होता आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"मला वाटलं, वयामुळे येत असेल. माझ्याही गुडघ्यातून येतो."

आईने सुस्कारा सोडला. "असू दे. लॅपटॉप गेला तर गेला, पुस्तक कुठे गेलंय? बॅकअप आहे ना. दर रविवारी." आणि तिने फ्रिजवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. भाषणबाईनेही पाहिलं, आणि पटकन नजर वळवली.

लॅपटॉपबरोबरच आईने एक वेगळी डिस्क आणली होती. दर रविवारी आजोबांची 'पुस्तक' नावाची फाइल तिच्यावर उतरवून ठेवायची, हे काम नातीचं. काम झालं की कॅलेंडरवर हिरव्या पेनाने टिक. पहिल्या रविवारी तिने ते मनापासून केलं. दुसऱ्या रविवारी डिस्क कपाटाच्या वरच्या खणातून काढायला स्टूल घ्यावं लागलं आणि स्टूलवर धुतलेले कपडे होते. तरी केलं. तिसऱ्या रविवारी तिला शोध लागला की टिक करायला स्टूल लागत नाही.

पेन मात्र तिने प्रामाणिकपणे हिरवंच वापरलं. तीन वर्षांचे रविवार एकशे छप्पन्न. त्यातले खरे दोन.

"आधी लॅपटॉप तर दुरुस्त होऊ दे," ती घाईघाईने म्हणाली. "डिस्क काय, घरातच आहे."

दुरुस्तीवाल्याला सगळा बाजार 'डॉक्टर' म्हणायचा, कारण तो डोळ्याला भिंग लावायचा आणि कुणालाही खोटी आशा लावायचा नाही. त्याने ड्राइव्ह बाहेर काढली, जोडून बघितली आणि कानाला लावली.

"गेली."

"पूर्ण?" आईने विचारलं.

"तबकडी फिरतेय, पण वाचणारा काटा तुटलाय. नवीन ड्राइव्ह दोन तासांत बसवून देतो. जुनीतलं काही हवं असेल तर बाहेर प्रयोगशाळेत पाठवावी लागेल. महिना जाईल, आणि मिळेलच असं नाही."

"नको, नको!" आजोबा इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्या दुकानातल्या माणसाने मान वळवली. "गेलेल्याच्या मागे लागू नये. उगाच चिरफाड कशाला?"

डॉक्टरने भिंग वर केलं. "काका, इथे लोक रडतात. तुम्ही पहिलेच."

"बाबा, तीन वर्षांची मेहनत आहे," आई म्हणाली. "बॅकअपमध्ये सगळं असेलच, पण काही राहिलं असेल तर पाठवायची. काय लागेल ते लागू दे." एवढं बोलून तिने घड्याळ पाहिलं आणि 'आलेच' म्हणून ती निघून गेली.

आजोबांनी चष्मा काढून पुसला. मग परत पुसला. भाषणबाईला भडभडून आलं. केवढा मोठा माणूस! तीन वर्षांचं काम गेलं तरी तक्रार नाही. आणि आपण? स्टूलवरचे कपडे उचलले नाहीत.

दुकानाबाहेर एक लोखंडी बाक होता. त्यावर दोघं बसली. तिने मनात भाषणाची जुळवाजुळव केली. सुरुवातीला माणसाच्या दुर्बलतेविषयी दोन वाक्यं, मग एक उदाहरण, मग मूळ मुद्दा. तोंड उघडलं आणि थेट मूळ मुद्दाच बाहेर पडला.

"आजोबा, बॅकअप नाहीये. मी नुसती टिक करत होते."

आजोबांनी तिच्याकडे वळून पाहिलं. "एकदाही नाही केलंस?"

"पहिले दोन रविवार केलं. नंतर नाही. तुमचं पुस्तक माझ्यामुळे गेलं." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तुम्ही रागवा ना. काहीतरी बोला ना!"

आजोबांचे खांदे हलत होते. हे रडतायत असं वाटून ती आणखीच घाबरली. पण ते हसत होते.

"वाचलो!" ते म्हणाले. "अगं, मी सकाळपासून डिस्कच्या नावाने थरथरतोय. पुस्तक कुठे होतं जायला? त्या लॅपटॉपात एकच वाक्य आहे."

"एक वाक्य?"

"'माणसाचा स्वभाव त्याच्या डाव्या खांद्यात असतो.' एवढंच."

"पण तुम्ही तर रोज दोन तास..."

"रोज लिहायचो. आणि शेवटच्या दहा मिनिटांत उसवायचो." आजोबांनी हवेत बोटांची कात्री चालवली. "सुरुवातीला लिहिलं होतं भराभर. दोन आठवडे नुसता सुटलो होतो. तिसऱ्या आठवड्यात वाचून पाहिलं, तर जिथे तिथे सुरकुत्या. धंद्याची सवय गं. एक टाका वाकडा दिसला की अख्खी शिवण उसवायची. कापड असतं तेव्हा उसवून हातात कापड उरतं. इथे काहीच उरायचं नाही."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कुणाला सांगू? तुम्ही माझ्यासाठी चवड्यांवर चालत होता. तुझी आई मिक्सर बाथरूममध्ये नेऊन लावायची. आणि तो टकटक आवाज यायला लागला तेव्हा... खरं सांगू? मला बरं वाटलं. म्हटलं, हाच सुटका करेल."

इतका वेळ ती या माणसाला थोर समजत होती. आता तो तिला एकदम आपल्या वर्गातला वाटला.

"मग आईला सांगू या का, की डिस्कही बिघडली?"

"छे. एका खोट्याला दुसऱ्याचं अस्तर लावलं की कपडा जड होतो, बसत मात्र नाही. संध्याकाळी सांगू. दोघं मिळून."

पण संध्याकाळपर्यंत थांबायची गरज पडली नाही. समोरून आई येत होती. दुकानात फोन करून उशिरा येते म्हणून सांगितलं होतं, आणि मधल्या वेळात ती घरी जाऊन आली होती. एका हातात डिस्कची पेटी होती. दुसऱ्या हाताचं बोट तिने बाकासमोर येऊन वर धरलं. बोट करड्या धुळीने माखलेलं होतं.

"दर रविवारी वापरायच्या वस्तूवर," आई म्हणाली, "एवढी धूळ कशी बसते, यावर काही भाषण आहे का?"

भाषणबाईने बाहीने पेटी पुसली.

डॉक्टरने डिस्क जोडली. "एकच फाइल आहे. पुस्तक. तीन वर्षांपूर्वीची." आजोबा दुकानातल्या चार्जरच्या वायरी मोजत असल्यासारखे उभे राहिले. फाइल उघडली.

"अकरा पानं," डॉक्टर म्हणाला.

आजोबांची मान गर्रकन वळली.

आईने पडदा आपल्याकडे फिरवला आणि वाचायला लागली. आधी मनात, मग नकळत मोठ्याने.

"'एक जण वारलेल्या थोरल्या भावाचा कोट घेऊन आला. म्हणाला, माझ्या मापाचा करून द्या. भाऊ आडदांड होता, हा काडीसारखा. मी कोट आत घेतला पण जादा कापड कापलं नाही, शिवणीत दुमडून ठेवलं. बायको म्हणाली, कापून टाका की, बोचेल त्याला. मी म्हटलं, राहू दे. माणूस दुःखात वाळतो. पुढे अंगाने भरेल. तेव्हा भाऊ पुरायला हवा.'"

आई थांबली. "हे माझ्या आईने म्हटलेलं? बोचेल त्याला?"

"तिला माझं काही पटायचंच नाही," आजोबा हळू आवाजात म्हणाले.

"मग?" डॉक्टरने भिंग काढून ठेवलं होतं. "भरला का तो अंगाने?"

"सात वर्षांनी आला परत. शिवणीतले दोन इंच सोडून दिले."

"ते आहे का यात?"

"नाही." आजोबांनी पडद्याकडे पाहिलं. स्वतःचंच जुनं शिवणकाम कुणाच्या तरी अंगावर अचानक दिसावं, तसं. "ते लिहायचं राहिलंय."

मग सगळं बाहेर आलं. भाषणबाईने टिकांचं सांगितलं, आजोबांनी उसवण्याचं. आईने दोघांचं ऐकून घेतलं. तिने मनात गणित मांडलं आणि ते काही केल्या जुळेना. "म्हणजे, हिने तिसऱ्या रविवारी इमानदारीने बॅकअप घेतला असता तर..."

"तर याच फाइलच्या जागी ते एक वाक्य बसलं असतं," डॉक्टर म्हणाला. "अकरा पानं तेव्हाच गेली असती."

आईने रागवायला तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. "तरी खोटं ते खोटंच," ती शेवटी म्हणाली. "त्याची मुदत संपत नाही. एकशे चोपन्न रविवार आहेत तुझ्या नावावर. ते भरून द्यायचे."

नव्या ड्राइव्हचं वॉरंटी कार्ड त्याच दिवशी फाइलमध्ये लागलं. भाषणबाई मात्र रविवारची वाट बघत नाही. बाराला दहा मिनिटं कमी असताना, आजोबांची कात्री चालायच्या आत, ती डिस्क घेऊन टेबलाशी हजर होते आणि त्या दिवशीची फाइल तारीख घालून वेगळी ठेवते, जुनीला धक्का न लावता. आजोबा कुरकुरतात. "अगं, सुरकुत्या आहेत त्यात."

"असू देत. अंगात घातल्यावर जातात."

मग ती पाठ फिरवते, आणि आजोबा मनसोक्त उसवतात. काल उसवून झाल्यावर त्यांनी लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, "महिना झाला, भाषणबाई. अजून एकच वाक्य आहे."

"तुमच्याकडे," ती म्हणाली. "माझ्याकडे चौतीस पानं आहेत."

 आजोबांनी लॅपटॉप परत उघडला. कॅलेंडरवर टिक आता आई करते. आधी डिस्कवरून बोट फिरवते, मग हिरवं पेन उचलते.