टेंपररी रंगनाथराव

रंगनाथरावांनी अकरा वर्षांत भिंतीत एक खिळा ठोकला नाही. सदरा दाराच्या कडीला, पंचांग खिडकीच्या गजाला. मी म्हणायची, "भाऊजी, खिळा देऊ का?" तर म्हणायचे, "कशाला वहिनी? आपण टेंपररी."

औरंगाबादेत गुलमंडीजवळ आमच्या शेजारची खोली त्यांची. निजामाच्या काळात कचेरीत त्यांच्या उर्दू अक्षराला लई मान होता. पोलीस ॲक्शन झाली, पुढं दफ्तराची भाषा बदलली, आणि जुने कारकून रंगनाथराव नव्यानं टेंपररी कारकून झाले. इंग्रजी त्यांना आलं ते तेवढंच, हुकमावर छापलेलं. मग त्यांनी ते कशालाही लावलं. उसवलेली चप्पल टेंपररी, दाढदुखी टेंपररी, नवा साहेबही टेंपररी. माझे सासरे गेले तेव्हा भेटायला आले आणि म्हणाले, "दुःख टेंपररी असतं, काकू." सासूबाईंनी महिनाभर त्यांना ओसरीवर चढू दिलं नाही.

आम्ही हसायचो. पण त्यांची बायको तिकडं वैजापूरला, सासूच्या हाताखाली. गाठ पडायची ती दिवाळीचे चार दिवस. "कायम झालो की बिऱ्हाड करतो," हे दर साली. नोकरीची मुदत सहा-सहा महिन्यांनी वाढायची, बाई तिथंच. एकदा मी चिडले. "अहो, अर्धं गाव टेंपररी नोकरीवर संसार करतंय. तुम्हालाच काय धाड भरली?"

खाली बघत म्हणाले, "उद्या मला काढलं तर तिनं ट्रंक घेऊन परत जायचं? गाव हसंल तिला."

अकराव्या वर्षी कायम झाल्याचा हुकूम आला. आठ दिवसांत सुभद्राबाईंना घेऊन आले. तोवर बाईंच्या कानशिलावरचे केस पिकले होते. मूलबाळ राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या दारात. हळूच म्हणाल्या, "वहिनी, यांना चहात साखर किती लागते ओ? तिकडं सासूबाईच करायच्या."

मला ठाऊक होतं. अकरा वर्षं त्यांचा चहा माझ्याच चुलीवर व्हायचा. चांगली दोन चमचे लागायची. पण ते मी कोणत्या तोंडानं सांगू?

"काय की," मी म्हटलं. "घाला तुमच्या अंदाजानं."

त्यांनी अर्धा चमचा घातला. रंगनाथराव ओट्यावर बसून शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. "बेस झालाय," म्हणाले.

त्यानंतर मी कितीदा चहाचं विचारलं असेल. कपाला हात लावला नाही भाऊजींनी.

"घरी झाला, वहिनी."