सांगलीतलं चोरटं मैदान

धुणं भिजवण्याआधी कपड्यांचे खिसे उलटे करून बघायची मनुबाईंना सवय होती. त्या दिवशी पुतण्याच्या, म्हणजे वीरधवलच्या पँटीतून घडी घातलेली एक चिठ्ठी निघाली. मनुबाईंना वाचता येत नव्हतं, पण चिठ्ठीत एखाद्या मुलीचं नाव असणार याची त्यांना पक्की खात्री होती. सव्वीस वर्षांचा लग्नाचा गडी, पलटणीतून दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलेला आणि दर शनिवारी भांग पाडून सांगलीला जाणारा. दुसरं काय असणार? ओल्या हातानंच त्यांनी ती चिठ्ठी नवऱ्यापुढं धरली.

"वाचा. कुणाची हाय ती?"

जोतीराम लाडांनी चष्मा लावला. चिठ्ठीत लिहिलं होतं :

जटावाला – टकल्या. बघण्यासारखी.
लाल पट्टा – जाड्या. काट्याची.
दोन्ही घराणी एकाच मैदानात! शनिवार, तीन वाजता, सांगली.

जोतीराम मटकन खाली बसले. "पोरगी असती तर बरं झालं असतं गं," ते म्हणाले.

कुंडलच्या पलीकडच्या खोलेवाडीत जत्रेच्या कुस्त्यांची जोड लावायचा मान अठरा वर्षं जोतीरामांकडं होता. कुणाला कुणासमोर उभं करायचं हे तेच ठरवत. पण गावात तालमी दोन. वरच्या तालमीचे वस्ताद भाऊसो आणि खालच्या तालमीचे वस्ताद सिद्धू. बारा वर्षांपूर्वी एका कुस्तीच्या निकालावरून दोघांचं बिनसलं, तेव्हापासून एका तालमीचा पैलवान दुसरीच्या पैलवानाला हात लावत नव्हता. सगळा गाव चहाच्या टपरीवर एकच वाद घालायचा, 'वरचा खालच्याला पाडंल का?' आणि उत्तर काही मिळायचं नाही. मैदानात बाहेरचे कुणीतरी आणून मिळमिळीत कुस्त्या लावाव्या लागत. लोक जांभया देत. यंदा सरपंचांनी स्पष्टच सांगितलं होतं, "तात्या, ह्या साली बघण्यासारखी जोड न्हाई लागली, तर फुडल्या साली कुस्त्या बंद. ऑर्केस्ट्रा आणू."

आणि इथं सख्खा पुतण्या दोन्ही घराणी एका मैदानात आणत होता. तेही सांगलीत, चोरून!

जोतीरामांनी डोकं चालवायला सुरुवात केली. जटावाला म्हणजे वरच्या तालमीतला, नवसाचे केस राखलेला पैलवान. टकल्या म्हणजे खालचा, विषमज्वरात केस गेलेला. जाडे तर दोन्हीकडं मिळून सात होते. सगळं चपखल बसत होतं. माणसाला संशय आला की सगळंच बसतं.

पुतण्याला सरळ विचारावं हे त्यांच्या मनातही आलं नाही. ते थेट भाऊसो वस्तादांकडं गेले.

"काय वस्ताद, शनिवारी सांगलीला का?"

"कशाला?" भाऊसोंनी डोळे बारीक केले.

"न्हाई, सहज. सिद्धूची पोरं जाणार हायत का, काय ऐकलंय का?"

तिथून उठून ते सिद्धू वस्तादांकडं गेले आणि हेच प्रश्न नावं उलटी करून विचारले. दोघांनीही कानावर हात ठेवले. दोघंही कसलेले खोटारडे आहेत अशी जोतीरामांची खात्री पटली. आपण दोन घरांत संशयाचा एकेक निखारा ठेवून आलो आहोत, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

शनिवारी वीरधवल बाराच्या एसटीत चढला. मागच्या बाकावर डोक्यावरून टॉवेल घेऊन जोतीराम बसले होते. कंडक्टरनं "तात्या, ताप आलाय का?" म्हणून दोनदा मोठ्यानं विचारलं, तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली.

सांगलीत उतरून वीरधवल स्टँडमागच्या एका गल्लीत शिरला आणि मळका पडदा लावलेल्या गाळ्यात दिसेनासा झाला. जोतीराम पडद्याला कान लावून उभे राहिले. आतून धपाधप आवाज येत होते, कुणीतरी कण्हत होतं आणि कुणीतरी ओरडत होतं, "उचल! आपट! सोडू नगंस!"

एवढ्याशा गाळ्यात आखाडा? जोतीरामांनी पडदा धरला. त्याच क्षणी आणखी एका हातानं पडद्याची दुसरी कड धरली. ते भाऊसो होते.

"अस्सं! म्हंजी तुमी बी ह्यात हाय!" भाऊसो म्हणाले.

"मी? तुमी हितं काय करताय?"

"सिद्धूला पकडाय आलोय. स्टँडपासनं तुमच्या मागं हाय."

"मला?" रसाच्या गाड्याआडून आवाज आला. हातात भरलेला ग्लास घेऊन सिद्धू वस्ताद पुढं आले. "आवं जोतीराम, ह्या माणसाला सांगा, म्हणावं मीच तुला पकडाय आलोय." बारा वर्षं ते दोघं एकमेकांशी तिसऱ्याच्या मार्फतच बोलत.

तिघंही एकदम आत घुसले. आत अंधार, उदबत्तीचा वास आणि कपाटाएवढी सहा मशीनं. एका मशीनपुढं वीरधवल स्टुलावर बसला होता.

"तात्या! तुमी?"

"कुठं हाय जटावाला?" जोतीराम गरजले.

वीरधवलनं काचेकडं बोट केलं. काचेत एक जटावाला जागच्या जागी उड्या मारत होता. समोर टकल्या मुठी वळून उभा होता.

तिघांनी काचेला नाकं लावली. मग वीरधवलनं समजावलं, "ह्या बाजूचे गडी एका कंपनीच्या व्हिडिओ गेममधले, त्या बाजूचे दुसरीच्या. आजवर दोन्ही मशीनं येगळी. ह्याला त्यो पाडंल का म्हणून आमी पलटणीत नुसतं तोंडानं भांडायचो. आता दोन्ही घराणी एका मशीनमंदी आल्यात. कुणाचा बी गडी कुणाबरं लावा! चिठ्ठीत त्याच जोडी लिवल्यात."

जोतीरामांना भरून आलं. बारा वर्षं ते घसा कोरडा करून हेच सांगत होते. "ही अक्कल मशीनला हाय," ते म्हणाले, "आन् आपल्या गावाला न्हाई!"

भाऊसोंचा विश्वास बसला नव्हता. त्यांनी मशीनच्या मागं वाकून पाहिलं. "आत कोण तरी बसून हलवत असंल." कुणी सापडलं नाही तेव्हा ते स्टुलावर टेकले. "ह्यातला वजनदार कोणता? जाड्या? त्यो द्या मला."

सिद्धूंनी ग्लास खाली ठेवला आणि शेजारचं स्टूल ओढलं. "जोतीराम, त्यांना म्हणावं, मला बी द्या एक."

"ही बाई घ्या," वीरधवल म्हणाला. "लय चपळ हाय."

"बाईसंगं मी लढायचा न्हाई," भाऊसो भिंतीकडं बघत म्हणाले.

"भितोय म्हणावं!"

झालं. दोघांनी बाह्या सारल्या. सुरुवातीला जाड्या उगाच उड्या मारत राहिला आणि बाई कोपऱ्यात वाकून बसली. मग एकदा भाऊसोंचा हात चुकून बरोबर पडला, जाड्यानं बाईला कवेत धरून उलटं आपटलं आणि भाऊसो स्टुलावरून उठलेच. "ढाक! ही तर आपली ढाक हाय!" सिद्धूंनी कुठलीशी तीन बटणं दाबली, तशी बाई हवेत गरागरा फिरली आणि तिच्या पायातून जाळ निघाला. "ह्यो डाव आपल्यात न्हाई," सिद्धू हळहळून म्हणाले, "पर पायजे हुता." प्रत्येक गड्याची खोड वेगळी, प्रत्येकाचा डाव वेगळा आणि समोरचा बदलला की त्याच डावाची किंमतही बदलते, हे दोन्ही वस्तादांना कुणी सांगायची गरज नव्हती. जोतीराम आपोआप पंच झाले. भाऊसोंना सिद्धूंच्या बाजूचा, गडी हलवायचा दांडा हलका वाटला, म्हणून त्यांनी जागा बदलायला लावल्या. मग सिद्धूंना तोच जड वाटला, म्हणून पुन्हा बदलायला लावल्या.

तरी बाईनं जाड्याला ओळीनं तीनदा लोळवलं. भाऊसो लालबुंद होऊन उठले आणि बारा वर्षांत पहिल्यांदा सिद्धूंकडं तोंड करून बोलले.

"बटणं दाबून पैलवानकी कळती व्हय रं? मातीत ये!"

"येतो की! कवा?"

"जत्रंला! दुपारी चार!" जोतीराम दोघांच्या मधे पडत ओरडले आणि त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर घाईघाईनं लिहूनही घेतलं. "बोला, तुमचा पैलवान कोण?"

"पैलवान कशाला? मीच!" भाऊसो म्हणाले.

"मी बी मीच!" सिद्धू म्हणाले.

जोतीरामांनी दोघांच्या पोटांकडं पाहिलं. दोघंही पंचावन्नच्या पुढचे होते. पण मिळाली ती जोड सोडायला ते वेडे नव्हते.

हँडबिलं वाटली गेली. सरपंचांनी ऑर्केस्ट्राचं नाव काढणंच सोडलं. जत्रेदिवशी कुंडलपासून रहिमतपूरपर्यंतची माणसं लोटली, झाडंसुद्धा रिकामी राहिली नाहीत. हलगी कडाडली, वस्तादांनी शड्डू ठोकले, एकमेकांच्या मानेत हात घातले आणि जे अडकले ते अडकलेच. दहा मिनिटं झाली, कुणी तसूभर हलेना. एवढा वेळ कसा? जोतीरामांना संशय आला. ते वाकून दोघांच्या डोक्यांशी कान नेऊन ऐकू लागले.

"खुब्यात चमक आलीया रं," सिद्धू कण्हत होते.

"माजा बी दम संपलाय. सोडू का?"

"सोडू नगंस, पडंन मी. धरून ठेव."

भाऊसोंनी पकड आणखी आवळली.

"परवा सांगलीला गेल्तास न्हवं? गाळ्याचा मालक सांगत हुता," भाऊसो म्हणाले.

"गेल्तो. बाईचा नवा डाव घावलाय."

"मला शिकीव की."

"शिकीवतो. आदी तोंड वाकडं कर, लोकं बघत्यात."

दोघांनी दात-ओठ खाल्ले. मैदान उसळलं. टोप्या उडाल्या, फेटे उडाले. जोतीराम सरळ झाले, त्यांनी क्षणभर आभाळाकडं पाहिलं, मग दोघांचे हात धरून वर केले. "काट्याची कुस्ती! बरोबरीत सुटली!"

सरपंच गर्दी सारत आखाड्यात आले. त्यांचे डोळे पाणावले होते.

"तात्या, अशी ईर्षा म्या जन्मात बघितली न्हाई."

"मी बी न्हाई," जोतीराम म्हणाले.