माफीची खुर्ची

पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवर ‘रांगेत उभे राहावे’ अशी पाटी होती. ती पाळणारा माणूस सबंध तालुक्यात एकच, आणि तो त्या स्टँडचाच कंट्रोलर होता. रविवारी प्रार्थनेला महाडला जायचं असलं की शमुवेलराव रणभिसे त्या पाटीखाली एकटेच रांग लावून उभे राहत. बाकीची मंडळी खिडकीतून टोप्या, पिशव्या, पोरं आत टाकून जागा धरत. शमुवेलराव सगळ्यांच्या शेवटी चढत आणि महाडपर्यंत दांडीला लोंबकळत जात.

“अहो, तुमच्याच स्टँडची गाडी आणि तुम्हीच उभे?” मी एकदा विचारलं.

“पाटी सरकारची आहे, बाई. आणि सरकार देवानं नेमलेलं आहे.”

मी तिथल्या शाळेत शिक्षिका होते. आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती. ते मूळचे नगरकडचे, बदलीवर आलेले. गावात ख्रिस्ती घर त्यांचं एकट्याचं, आणि घरातही ते एकटेच. तहसीलदारांच्या जीपला ते उभं राहून सलाम करत. आत नुसता ड्रायव्हर मेथीच्या जुड्या घेऊन चाललेला असला तरी. आणीबाणीनंतर सरकार बदललं तेव्हा कुणीतरी डिवचलं, “रणभिसे, तुमचं देवानं नेमलेलं सरकार पडलं की!”

“खुर्ची पडली का? मग झालं,” म्हणून त्यांनी शिट्टी वाजवली आणि महाबळेश्वरची गाडी सोडली.

त्याच सुमारास उमरठकडच्या एका वाडीत बांधावरून भांडण झालं आणि गणपत नावाच्या तरुणाने दोन चुलतभावांना कोयत्याने तोडलं. त्याला फाशीची शिक्षा झाली. शमुवेलराव म्हणाले, “योग्य झालं. रक्ताचा हिशेब देव मागतो. तलवार त्यानं सरकारच्या हाती दिलीय. आपल्या हातातला कोयता फक्त नारळाला.”

मला राहवेना. “तुमच्या येशूलासुद्धा सरकारनंच मारलं ना?”

ते उठून आत गेले. संध्याकाळी जेवले की नाही कोण जाणे. सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, “बाई, तो निकाल चुकला होता. खुर्ची नव्हे!”

पुढे एका सकाळी मी महाडच्या गाडीसाठी स्टँडवर थांबले होते. एक म्हातारी बाकावर येऊन टेकली आणि बाकावरच्या बायका एकेक करून उठून गेल्या. ती गणपतची आई, ठकूबाई. थोड्या वेळाने ती कंट्रोलरच्या खिडकीशी गेली.

“भावा, येरवड्याची गाडी कंची रं?”

“पुण्याची घ्यावी लागेल. तिकडे कोण आहे?”

“पोर हाय माजा. सरकार त्याला टांगनार हाय. भाकरी नेली तं देतील ना त्याला?”

शमुवेलराव खिडकीतून बाहेर वाकले. “नाव काय त्याचं?”

“कागदावर गनपत. मी बाळ्या म्हनतंय.”

पुण्याची गाडी लागली. शमुवेलरावांनी शिट्टी कारकुनाच्या हातात दिली, ठकूबाईचं गाठोडं उचललं आणि तिच्याबरोबर गाडीत चढले. रजेचा अर्ज नाही, काही नाही.

परत आले ते उतरल्या चेहऱ्याने. भेट झाली होती, पण भाकरी आत नेऊ दिली नव्हती. “नियम आहे. बरोबरच आहे,” ते म्हणाले आणि किती वेळ चष्मा पुसत बसले. मग मारल्या गेलेल्या चुलतभावांच्या घरी गेले. अंगणात बसले, कुणी पाणीही विचारलं नाही. “त्यांचंही बरोबर आहे,” एवढंच मला म्हणाले. आणि त्याच दिवशी त्यांनी राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज लिहायला घेतला.

“शमुवेलराव, तुम्ही? सरकारच्या निकालाविरुद्ध?”

“विरुद्ध कसा? माफीची खुर्ची सगळ्यात वर सरकारनंच मांडून ठेवलीय. तिच्यापुढे जाऊन उभं राहायला नको कुणी?”

अर्ज गेला. वर्ष उलटलं, पावसाळा सरला, आणि गणपतच्या फाशीची जन्मठेप झाली. शमुवेलरावांनी पेढे वाटले नाहीत. फाशीबद्दल वाद निघाला की ते अजूनही सरकारच्या बाजूनेच बोलत, फक्त आवाज जरा खाली आला होता.

त्या वर्षी नाताळला मी करंज्यांची ताटली घेऊन त्यांच्याकडे गेले. दर वर्षी ते दाराशीच ताटली घेत आणि दार लोटून घेत. आज दार सताड उघडं होतं. जमिनीवर दोन पाटांवर दोन ताटं मांडलेली, आणि एका पाटावर ठकूबाई. वाडीवरून तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं घेऊन ती पायी आली होती. शमुवेलराव डोळे मिटून, ओठ हलवत बसले होते. मी उंबऱ्याशीच थांबले.

त्यांनी डोळे उघडल्यावर ठकूबाईने विचारलं, “काय मागितलंस रं भावा, देवाजवळ?”

“मागितलं काही नाही,” शमुवेलराव म्हणाले. “आज जेवायला दोघं आहोत, एवढं कळवलं.”