पेडलमध्ये कोणताही बिघाड नव्हता

वाचनालयाच्या वार्तापत्रात, हरवलेल्या छत्रीच्या निवेदनाच्या बरोबर वर, पुढील वाक्य छापून आले आहे: "बागेतील संगीतसभेत तांत्रिक बिघाडामुळे प्राध्यापकांची गिटार अखेरच्या गाण्यात ऐकू आली नाही, तथापि दंतवैद्यांनी प्रसंगावधान राखून सोलो स्वतः वाजवला व कार्यक्रम सावरला."

मी तर्कशास्त्र शिकवतो. एका वाक्यात इतका निष्काळजीपणा मी नापास होणाऱ्यांच्या उत्तरपत्रिकांतही पाहिलेला नाही. 'बिघाड' म्हणजे यंत्राने आपले नेमून दिलेले काम न करणे. माझ्या पेडलने त्या दुपारी जेवढे चोख काम केले, तेवढे वाचनालयाच्या कार्यवाहांनी हयातीत केले नसेल! 'प्रसंगावधान' अनपेक्षित प्रसंगी राखायचे असते. जो गृहस्थ त्या सोलोवर पहिल्या तालमीपासून डोळा ठेवून बसला होता, त्याला तो प्रसंग अनपेक्षित कसा? आणि 'सावरणे' हे क्रियापद पडणाऱ्या वस्तूला लावतात. मी पडत नव्हतो. मी त्या क्षणी माझ्या आयुष्याच्या शिखरावर उभा होतो, आणि वाचकहो, त्याचा चित्रित पुरावा उपलब्ध आहे. तो माझ्या विरुद्धचाही पुरावा आहे, ही गोष्ट वेगळी.

तर क्रमाने सांगतो.

आमचा वाद्यवृंद घरगुती आहे. माझी पत्नी गाते. पेशाने ती भूलतज्ज्ञ आहे. म्हणजे समोरच्याला कळू न देता त्याला बंद करणे, हे तिचे रोजचे काम. हे वाक्य कृपया लक्षात ठेवावे. तिची धाकटी बहीण ड्रम बडवते. मी गिटार वाजवतो. आणि मेव्हणीचे यजमान, म्हणजे माझे साडू, पेशाने दंतवैद्य, तेही गिटारच वाजवतात. जगात वाद्यांचा तुटवडा नाही. तरी त्यांनी गिटारच उचलली!

घरात दोन डॉक्टर असल्यामुळे त्यांना 'छोटे डॉक्टर' म्हणतात. ते माझ्यापेक्षा उंच आहेत. त्यांचे केस शाबूत आहेत. ते हसले की त्यांचे दात त्यांच्या दवाखान्याची जाहिरात करतात. हे सारे मी क्षमा करू शकलो असतो. परंतु आमच्या गाण्यात एक पद्धत आहे. सोलो, म्हणजे एकट्या गिटारने वाजवायचा तुकडा, सुरू झाला की गाणारी व्यक्ती वळून वाजवणाऱ्याकडे पाहते. गेल्या खेपेस, बागेतल्याच कार्यक्रमात, सोलो छोट्या डॉक्टरांकडे होता. माझी पत्नी वळली, तिने त्यांच्याकडे पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावर जे हसू आले ते मी साखरपुड्यानंतर पाहिलेले नव्हते.

त्याच दिवशी माझा आणखी एक अपमान झाला. उन्हात तारा तापतात, सैल पडतात, सूर उतरतो. मी गिटारच्या डोक्याला चिमटा लावून बसवायचा, सूर जुळला की नाही ते दाखवणारा ट्यूनर वापरत असे. घरात तो उत्तम चाले. उन्हात त्याच्या पडद्यावर माझेच नाक दिसे. त्यामुळे प्रत्येक गाण्यानंतर मी अंदाजाने, टँव टँव करीत, सर्वांदेखत तारा जुळवत असे. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीला विचारले, "हे गाणं केव्हा संपणार?"

आणि छोटे डॉक्टर? त्यांनी पायापाशी ठेवलेले एक काळे पेडल नुसते दाबले. आवाज बंद! गुपचूप तारा जुळवल्या, पुन्हा दाबले, आवाज सुरू! जणू दात काढला आणि रुग्णाला कळलेच नाही.

"बघा," पत्नी मला म्हणाली, "त्यांचं कसं, कुणाच्या लक्षातही येत नाही."

"चोरही असेच काम करतात," मी म्हणालो.

"अहो, मग तुम्हीही घ्या की तसलं एखादं!"

'तसले'! वाचकहो, मी त्या शब्दावर रात्रभर तळमळलो. तसले घेणार नव्हतो. त्याहून वरचे घेणार होतो.

पुढचे काही आठवडे मी ट्यूनर पेडल या विषयावर उपलब्ध असलेले सर्व साहित्य वाचून काढले आणि वाद्यांच्या दुकानात भर दुपारी दाखल झालो.

"कुठे वाजवणार, साहेब?" दुकानदाराने विचारले.

"उघड्यावर."

"कुणासाठी?"

"कुणाविरुद्ध, असं विचारा!"

तो समजूतदार होता. मी त्याला एकेक पेडल दुकानाबाहेर पदपथावर, रणरणत्या उन्हात मांडायला लावले. गिटार गळ्यात अडकवून, उकिडवा बसून, मी प्रत्येकाचा पडदा निरखू लागलो. येणारेजाणारे थांबले. एका आजोबांनी खिशातून सुटे काढून माझ्यापुढे ठेवले. मी ते परत केले आणि निरीक्षण सुरू ठेवले. एकाचा पडदा उन्हात मावळला. दुसऱ्याची पट्टी दिसे, पण फक्त लोटांगण घातल्यावर. शेवटी एक सापडले: रुंद पडदा, दिव्यांची लांबलचक पट्टी, सूर चुकला की लाल, जुळला की हिरवा. आणि हिरवा असा, की समोरच्या गच्चीवरून दिसावा! पेटी पोलादाची, घासून लखलखीत केलेली.

"हेच काळ्या रंगातही येतं," दुकानदार म्हणाला. "उन्हात फार चमकणार नाही."

"काळं साडूंकडे आहे."

"बरं."

"आणि चमकायलाच हवं आहे!"

घरी आणल्यावर पत्नीने ते उचलून त्यात पाहून केस सारखे केले. "छान आहे. मागे गिटारही लावता येते वाटतं."

मी दुर्लक्ष केले आणि तिला कार्यपद्धती समजावून दिली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आणि त्यानंतर जवळजवळ रोज.

"एकदा दाबलं, की दिवे सुरू आणि आवाज बंद. पुन्हा दाबलं, की दिवे बंद आणि आवाज सुरू. लक्षात आलं?"

"आलं."

"म्हणजे दिवे दिसत असतील तर..."

"आवाज बंद! अहो, माझ्या शस्त्रक्रियेच्या खोलीतली यंत्रं याहून अवघड असतात. आणि ती मी कुणाला समजावत बसत नाही."

एवढ्यात तालमी सुरू झाल्या आणि सोलो कोणाला, हा प्रश्न निघाला. मी म्हणालो, गेल्या खेपेस त्यांनी वाजवला, यंदा मी. छोटे डॉक्टर हसले. (दात दिसले.) "अर्थात, भाऊसाहेब! तुमचाच आहे." एवढ्या सहज दिलेल्या वस्तूचा मला नेहमीच संशय येतो. शिवाय ते प्रत्येक तालमीत माझा सोलो एका कोपऱ्यात, हलक्या हाताने, सोबत वाजवत. "तुमची बोटं बघत शिकतोय," असे वर म्हणत!

कार्यक्रमाची दुपार आली. वाचनालयामागची हिरवळ, खुर्च्या, तिरपे कडक ऊन. मी पेडल माझ्या आणि पत्नीच्या मधोमध ठेवले. छोट्या डॉक्टरांना दिसावे म्हणून थोडे त्यांच्याकडे वळवून. त्यांना ते दिसले.

"वा, भाऊसाहेब! काय उजेड आहे!"

आयुष्यात प्रथमच त्यांचे माझे मत जुळले. पहिल्या गाण्यानंतर मी पेडल दाबले, निःशब्द तारा जुळवल्या, पुन्हा दाबले. गेल्या खेपेच्या त्या बाईंनी मान डोलावली. दुसऱ्या गाण्यानंतर गरज नसताना दाबले. तिसऱ्यानंतर केवळ छोट्या डॉक्टरांकडे बघत दाबले.

मग अखेरचे गाणे. सूर्य आणखी खाली उतरला होता. पत्नी गाता गाता सारखी डोळे बारीक करत होती, मान इकडून तिकडे करत होती. मला वाटले, भावना दाटून आल्या. कडवे संपले. सोलो आला. मी डोळे मिटले.

वाचकहो, तसे मी कधी वाजवलेले नाही! समोरच्या स्पीकरमधून येणारा प्रत्येक सूर गोल, भरलेला, पाणीदार होता. जिथे माझे बोट नेहमी अडखळते तिथून तो अलगद उतरून गेला. एका ठिकाणी तर मला सुचण्यापूर्वीच एक सुंदर हरकत येऊन गेली, आणि मी मनात म्हणालो, यालाच प्रतिभा म्हणतात! शेवटचा सूर विरला तेव्हा मी डोळे उघडले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पत्नी वळलेली होती. ती माझ्याकडेच पाहत होती. माझ्याकडे! आणि चेहऱ्यावर तेच, साखरपुड्याचे हसू.

मी वाकून अभिवादन केले. मग पुन्हा एकदा केले. छोट्या डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवून मी म्हणालो, "तुमचीही साथ बरी झाली हो." ते काहीतरी बोलणार होते, पण मेव्हणीने मागून त्यांच्या पाठीत ड्रमची काठी टोचली.

आणि आठवड्याने ते वार्तापत्र!

मी तडक साडूंच्या दवाखान्यात गेलो. ते एका रुग्णाच्या तोंडात काम करीत होते.

"सोलो कोणी वाजवला?" मी दारातूनच गरजलो.

"भाऊसाहेब, बसा. पाच मिनिटं."

"आधी उत्तर!"

"आ," रुग्ण म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं!" मी त्याला म्हणालो, आणि साडूंपुढे मोबाइल धरला. प्रेक्षकांतल्या कोणीतरी केलेले चित्रीकरण मी पुरावा म्हणून मिळवले होते. चित्रफीत तपासणाऱ्या तिसऱ्या पंचासारखा मी ते फक्त एका मुद्द्यासाठी तपासले होते. "हे पाहा माझं पेडल! संपूर्ण सोलोभर दिव्यांची पट्टी तेवते आहे. प्रत्येक सुराला हिरवा. एकदाही लाल नाही! भर उन्हात, शेवटच्या रांगेतून दिसतंय. यंत्र साक्ष देतंय की मी वाजवत होतो, आणि बिनचूक वाजवत होतो!"

छोट्या डॉक्टरांनी हातातले अवजार खाली ठेवले. त्यांच्या चेहऱ्यावर ते भाव आले, जे दात वाचणार नाही हे सांगताना येत असावेत.

"वाजवत होतात, भाऊसाहेब. अगदी बिनचूक. पण... दिवे दिसताहेत ना?"

"स्पष्ट!"

"म्हणजे..."

रुग्णही माझ्याकडे पाहू लागला. दिवे दिसत असतील तर आवाज बंद. दिवे दिसत आहेत. म्हणून... वाचकहो, अनेक वर्षे मी हा निष्कर्ष काढायला विद्यार्थ्यांना शिकवत आलो आहे. स्वतःवर काढताना त्याला एवढी धार असते, याची कल्पना नव्हती.

"तुमचा आवाज आला नाही, म्हणून मी सुरू केलं," ते हळूच म्हणाले. "आणि कार्यवाहांना मीच सांगितलं, बिघाड म्हणून लिहा. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

चांगुलपणा! माझ्याविरुद्ध थेट चांगुलपणा! मला वाटले, या माणसाने निदान माझा एखादा चांगला दात तरी काढावा, म्हणजे रागवायला कारण मिळेल.

पण पेडल दाबले कोणी? मी नव्हे, सोलोच्या आधी त्याचे दिवे बंद होते. मी चित्रीकरण मागे नेले. कडव्याची शेवटची ओळ. पोलादी पेटीवरून उडालेला उन्हाचा एक झगझगीत चौकोन माझ्या पत्नीच्या डोळ्यांवर नाचतो आहे. ती मान वळवते. चौकोन मागे येतो. मग, गाणे न थांबवता, एक चप्पल शांतपणे पुढे सरकते आणि पेडलवर येऊन बसते. दिवे लागतात.

"आ आ," रुग्ण सहानुभूतीने म्हणाला.

संध्याकाळी मी तिला समोर बसवून प्रश्न विचारला. वार्तापत्राला दुरुस्ती पाठवायची असल्याने आरोपीचा कबुलीजबाब, एकही शब्द न बदलता, येथे देत आहे:

"दाबलं मी. आधी डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून पाय ठेवला, हे खरं. दिवे लागले तेव्हा लगेच कळलं की तुमचा आवाज गेला. पुन्हा दाबलं की येतो, हेही माहीत होतं. महिनाभर दुसरं काय ऐकत होते मी? दाबणारच होते. पण वळून बघितलं तर तुमचे डोळे मिटलेले आणि चेहरा असा, की आपल्या लग्नात पण इतका खूश नव्हता तो. मग म्हटलं, राहू दे. तुम्हीही मजेत, लोकही मजेत. अहो, इतकी छान लागलेली भूल मी कधीच घाईनं उतरवत नाही."