पालकाच्या पानाची जबाबदारी

सन एकोणीसशे नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, वसई पूर्वेच्या एका कारखान्यास वेष्टन-सुरक्षेचे प्रमाणपत्र मिळाले. आणि त्याच दिवशी काळूरामच्या टेम्पोत पालकाचे एक पान सापडले.

कारखान्यात औषधांसाठी प्लॅस्टिकच्या बाटल्या बनत. चांदीप गावचा काळूराम पहाटे गास गावची भाजी बाजारात पोचवी, टेम्पो झाडी आणि दुपारी बाटल्या वाही. सात वर्षांत याबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती, कारण तोवर प्रमाणपत्रही नव्हते. राहून गेलेले पान झाडायला त्याने खराटा उचलला, तोच गुणवत्ता अधिकारी आत्माराम सामंत गरजले, "हात लावू नका!"

"एकच पान हाय, सायेब. झाडतो नि माल भरतो."

"झाडण्याचं प्रशिक्षण झालंय तुमचं?"

"आयेनं शिकवलंय."

"तिचं प्रमाणपत्र?"

काळूरामच्या आईने ही गोष्ट लेखी दिलेली नव्हती.

नियमावलीच्या सातव्या कलमात म्हटले होते : 'वाहन स्वच्छ असल्याची खात्री संबंधितांनी करावी.' संबंधित कोण, हे ठरवण्यासाठी समिती बसली. उत्पादन विभागाचा संबंध बाटलीपुरता निघाला. भांडार विभागाचा दरवाजाच्या उंबऱ्यापर्यंत. टेम्पो उंबऱ्यापासून चार इंच दूर उभा होता, आणि त्या चार इंचांवर कोणाचेच राज्य नव्हते. सबब, निर्णय होईपर्यंत टेम्पो हलवू नये व पान जैसे थे राखावे, असे ठरले.

माल रवाना करणारी कारकून रोझलिन कनवाळू होती. ती म्हणाली, "काळूदादा, शनिवारपर्यंत माल गेला नाय तर तुझं कंत्राट जातंय हां. पत्र मीच टाइप केलंय."

"मग झाडू दे ना, बाय!"

"झाडलंस तरी जातंय."

गुरुवारी पान वाळून त्याचे चार तुकडे झाले. सामंतांनी नोंदवले : 'वनस्पतिजन्य परकीय पदार्थ, संख्या चार. तीन दिवसांत प्रदूषणात चौपट वाढ.' समितीची बैठक आता दिवसातून दोनदा होऊ लागली.

शुक्रवारी काळूरामने बादली आणली आणि टेम्पो आरशासारखा लख्ख धुतला. सामंतांनी फळीवरून बोट फिरवले. बोट स्वच्छ निघताच त्यांचा चेहरा पडला.

"पान कुठंय?"

"गटारात. पानी मारलं. गाडी साफ पायजे व्हती ना, सायेब?"

"साफ हवी होती. तुम्ही केलेली नको होती!"

समितीचा निर्णय पाच मिनिटांत झाला. ज्याअर्थी वाहन काळूरामने स्वच्छ केले, त्याअर्थी संबंधित तोच; आणि ज्याअर्थी संबंधित तोच, त्याअर्थी पाच दिवसांचा विलंबही त्याचाच. कंत्राट रद्द.

पत्र घडी करून खिशात घालत काळूराम म्हणाला, "बाय, गासच्या भाजीचं बरं. तिथं घान ज्याला दिसंल तो झाडतो."

शनिवारी माल दुसऱ्या टेम्पोतून गेला. तो आदल्या दिवशी कळंबहून सुके बोंबील घेऊन आला होता. परंतु चालकाने अर्ज सुवाच्य भरला होता, आणि अर्जात वासाचा रकाना नव्हता.

पुढे असा प्रसंग उद्भवू नये म्हणून समितीने प्रत्येक बाटलीच्या बुडाशी एक बारीक ओळ उमटवून घेतली : 'वापरापूर्वी बाटली आतून धुण्याची जबाबदारी ग्राहकाची.' खोकल्याच्या औषधाने भरलेली बाटली आपण कधी उलटी करून वाचली आहे काय? नाही ना? मग निष्काळजीपणा कोणाचा, याबद्दल समितीत आता कसलाही मतभेद उरलेला नाही.