दोन टिंबं, दोन दांड्या

"एकशे वीस पानं कशी झाली?" पियानोवादकाने तिसऱ्यांदा विचारलं आणि बायकोने तिसऱ्यांदा फाइल शेवटपर्यंत सरकवून दाखवली.

एका जुन्या संगीतकाराच्या पियानोवरच्या सोनाटा नावाच्या रचना साध्या माणसाला कळाव्यात म्हणून त्याने नऊ वर्षं खपून मार्गदर्शिका लिहिली होती. प्रकाशकाची अट एकच होती, साठाच्या वर एक पान गेलं तर हस्तलिखित परत. याने मोजून साठ पानं भरवली आणि टाइप करायला आत्याकडे दिली. आत्याने ती सकाळीच परस्पर प्रकाशकाला पाठवूनही टाकली होती.

"अक्षर मोठं घेतलं असेल," बायको म्हणाली. अक्षर बेताचंच होतं. समास पाहिले, ओळींमधलं अंतर पाहिलं. काही सापडेना, तेव्हा तो मुकाट्याने पहिल्यापासून वाचायला बसला. सातव्या पानावर अडखळला.

"हे मी कुठंतरी वाचलंय."

"तुम्हीच लिहिलंय ना."

"तसं नाही गं. आत्ता वाचलंय, वाक्यन् वाक्य." त्याचा चेहरा उतरला. "माझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तुम्ही तेच ते बोलता हे मी बावीस वर्षं सांगतेय. आता टाइप होऊन आलं एवढंच."

शेवटी आत्याला फोन लावला. आत्या कचेरीत तीस वर्षं टायपिंग करून निवृत्त झालेली. समोरच्या कागदाला स्वतःची अक्कल लावायची नाही, हा तिचा बाणा.

"प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तू दोन टिंबं आणि दोन उभ्या दांड्या काढल्यास," ती म्हणाली. "त्या खुणेचा अर्थ, पहिल्यापासून पुन्हा. पान तीनवर तूच लिहिलंयस."

पियानोवादकाने कपाळाला हात लावला. काही संपलं की स्वरलिपीतली ती खूण त्याच्या हातून सवयीनेच पडायची.

"आत्या, ते वाजवणाऱ्यासाठी असतं गं."

"मग मी काय करत होते? दहाही बोटं दुखतायत. दोन्ही वेळा नीट टाइप केलंय, उगाच चिकटवलेलं नाही."

त्याने फोन ठेवला. नऊ वर्षं पाण्यात गेली एवढं कळलं, आणि खरं सांगायचं तर त्याला रडूच आलं. तेवढ्यात प्रकाशकाचा फोन आला.

"साहेब, पानांचा जरा घोटाळा झालाय," याने घाईघाईने सुरुवात केली.

"झालाय खरा," प्रकाशक म्हणाले. "पहिलं प्रकरण वाचलं, ओ की ठो कळलं नाही. परतच पाठवणार होतो. पण पुढे तुम्ही तेच पुन्हा सांगितलंत आणि डोक्यात लख्ख शिरलं. प्रत्येक प्रकरणात तसंच. छापू आपण. फक्त साठ पानांत बसवायचं, तर पहिल्या वेळचं सगळं काढून टाका. दुसऱ्या वेळी तुम्ही फार सोपं लिहिलंय."

फोन ठेवून तो फाइलकडे वळला. मग पहिल्या प्रकरणाचे दोन्ही अवतार शेजारीशेजारी ठेवून ओळीवर बोट फिरवत वाचू लागला. स्वल्पविरामाचाही फरक नव्हता.

"काय ठरलं?" बायकोने विचारलं.

"पहिलं काढायचं," तो गोंधळून म्हणाला. "त्यांचं बरोबर आहे. दुसरं खरंच सोपं झालंय."