चव्वेचाळीसची हवा

आमच्या गाडीचे पुढचे दोन्ही टायर चौदा महिन्यांत गुळगुळीत झाले, तेव्हा असं का झालं हे मी स्वतः शोधायचं ठरवलं. गुपचूप नवे टायर घातले असते तर पुढचं काही घडलंच नसतं. पण मी विमा कंपनीत, क्लेमच्या खात्यात आहे. नुकसान दिसलं की आधी दोष कुणाचा ते बघायची सवय. (ऑफिसात या सवयीचं कौतुक होतं. घरी अजून झालेलं नाही.)

दोष कुणाचा ते मला पाच मिनिटांत कळलं. गाडी माझी बायको देविका चालवते. प्रभादेवीहून शीवला तिच्या शाळेत रोज जाऊन-येऊन. मी फक्त रविवारी, तेही कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंत, हवा भरायला.

"तू ब्रेक फार जोरात मारतेस," मी म्हणालो.

"माझ्या शेजारी कधी बसलायस तू?"

म्हणून शनिवारी बसलो. प्रभादेवीपासून दादरपर्यंत ती इतकी अलगद चालवत होती की मला डुलकी येत होती. टिळक पुलावर एक स्कूटर दिसली आणि मी दचकून ओरडलो, "ब्रेक!" तिनं ब्रेक मारला. मागच्या टॅक्सीवाल्यानं आमच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

"बघ! मारलास की नाही?"

तिनं घरापाशी गाडी लावली, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "सोमवारपासून मी बसनं जाते."

आणि गेली. रोज पाऊण तास आधी उठून, वह्यांची पिशवी खांद्याला लावून, तीन आठवडे. पन्नाशीला आल्यावर हट्टानं गाडी शिकली होती ती. किल्ली खुंटीवर नुसती लटकलेली बघून मला बरं वाटत नव्हतं, पण माघार कशी घेणार? कारण तोवर मी बिल्डिंगच्या ग्रुपवर टायरच्या झिजेवर भलामोठा मेसेज टाकला होता. त्यात मुद्दे दोन. एक, घरातल्या बायकांना जोरात ब्रेक मारू देऊ नये. दोन, हवा भरपूर ठेवावी. टायरवरच ४४ असा आकडा लिहिलेला असतो, मी तेवढी न चुकता भरतो. सात जणांनी अंगठा दाखवला. मी तो वर आहे असं समजलो.

शेवटी तळमजल्यावरच्या व्हायोला परेरा म्हणाल्या, "नवे टायर घालायच्या आधी माझ्या चुलतभावाला दाखव. नायतर तेपण जातील." त्यांचा हा भाऊ, हर्बर्ट, याचं चिंचपोकळीला गॅरेज आहे. मी देविकाला मुद्दाम सोबत घेतलं. निकाल तज्ज्ञाच्या तोंडून ऐकलेला बरा.

हर्बर्टनं टायरवरून तळवा फिरवला.

"हवा कोण भरतो?"

"मी," मी अभिमानानं म्हणालो.

"किती?"

"चव्वेचाळीस."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "अरे बाबा, ती टायरची सहन करायची हद्द आहे. याच्यावर जाऊ नको म्हणून लिवलंय. तुझ्या गाडीला बत्तीस. इथं बघ, दरवाज्याच्या आत स्टिकर आहे." मग त्यानं देविकालाही जवळ बोलावलं. "दोन्ही कडांची नक्षी शाबूत, मधेच टक्कल. जास्त हवेनं टायर मधे फुगतो आणि तेवढ्याच पट्ट्यावर पळतो. ब्रेकचा काय संबंध नाय. मॅडमची ड्रायव्हिंग एक नंबर आहे."

त्यानं व्हॉल्व्हची पिन दाबून हवा सोडली. बत्तीसवर येईपर्यंत मी मनात तीस आकडे मोजले. देविकानं माझ्या हातातून किल्ली काढून घेतली. "आता ग्रुपवर लिही. तुझी चूक होती, माझी नव्हती."

लिहितो म्हणालो. पण मग सात अंगठ्यांचं काय? त्या सगळ्यांनी चव्वेचाळीस हवा भरली असणार! मी ठरवलं, आधी गुपचूप नुकसान भरून काढायचं, माफी नंतर. रविवारी दुपारी बिल्डिंग जेवून आडवी झाल्यावर मी खाली उतरलो आणि एकेका चाकापाशी उकिडवा बसून, पिन दाबून तीस आकडे मोजू लागलो. तीन गाड्या होत आल्या. बाराव्या चाकाला सव्विसाव्या आकड्यावर डोक्यावरून आवाज आला.

"अभिषेक, काय करतोस?"

व्हायोला. ठेवणीतला फ्रॉक, हातात पर्स. चार वाजता वसईला भाचीच्या बाळाचा बाप्तिस्मा होता.

मी सगळं कबूल केलं.

"मी तुझा मेसेज वाचलाच नाय."

"पण अंगठा दिला होतात!"

"तो मी सगळ्यांना देते. माझी हवा हर्बर्ट बघतो. बत्तीस होती." त्यांनी बसलेल्या टायरकडे पाहिलं. "होती."

तोवर बाकीच्या दोन गाड्यांचे मालकही खाली आले. माझा मेसेज त्यांनीही वाचला नव्हता. व्हायोला बसक्या टायरवर गाडी पंपापर्यंतही न्यायला तयार नव्हत्या. कुणीतरी पायानं मारायचा पंप आणून दिला. बारा चाकं! देविका वरून खिडकीत उभी राहून बघत होती. मी तिला हात केला. तिनं पडदा लावला नाही, एवढीच काय ती माया. त्या संध्याकाळी मी ग्रुपवर माफी लिहिली. ती मात्र सगळ्यांनी वाचली.

सोमवारी उजवा पाय उचलेना. देविकानं शाळेत उशिरा येते म्हणून कळवलं आणि मला गाडीत घालून दादरला डॉक्टरांकडे नेलं.

"हे कशानं झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काल दुपारभर हे टायरमध्ये हवा भरत होते," देविका म्हणाली.

डॉक्टरांनी कुठलंही आश्चर्य न दाखवता गोळ्या लिहिल्या, आठ दिवस विश्रांती सांगितली आणि मी लंगडत दारापर्यंत पोचल्यावर मागून हाक मारली, "अहो, जाता जाता जरा माझ्या गाडीचं मागचं डावं चाक बघाल का?"